ग्रिमो द ला रेनियेर: पहिल्या रेस्टॉरंट समीक्षकाच्या आयुष्यातलं खरं किती आणि रचलेलं किती? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

रेस्टॉरंट समीक्षेचा इतिहास वाचायला घेतला की सुरुवातीलाच हा माणूस भेटतो. आणि त्याच्याबद्दल पहिली गोष्ट कानावर येते ती अशी, की लहानपणी डुकराने त्याचे हात खाल्ले. पुढच्या गोष्टी त्याहून वरताण आहेत. जेवणाच्या टेबलावर अंत्यविधीची सजावट, माणसाचे कपडे घातलेलं डुक्कर, स्वतःच्याच मरणाची खोटी पत्रिका. माझ्या खाण्यापिण्यावरच्या लेखनात ग्रिमोचं नाव आलं की वाचक हेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवतोय. मला या माणसाबद्दल मनापासून आपुलकी आहे, हे आधीच सांगतो. त्याच्या आयुष्याची टिंगल झालेली मला बघवत नाही.

हा माणूस खरंच होऊन गेला, की तोसुद्धा रचलेलाच?

खरंच होऊन गेला. पूर्ण नाव आलेक्सांद्र बाल्थाझार लोराँ ग्रिमो द ला रेनियेर. जन्म पॅरिसमध्ये, २० नोव्हेंबर १७५८ रोजी. मृत्यू २५ डिसेंबर १८३७ रोजी. वडील 'फर्मिए जेनेराल', म्हणजे राजाच्या वतीने कर वसूल करणारे इजारदार. राजाला ठरलेली रक्कम द्यायची आणि वर जे सुटेल ते आपलं, असा तो धंदा होता. त्यात पैसा अमाप होता आणि लोकांचे शिव्याशापही तितकेच. आई मोठ्या सरदार घराण्यातली. वडिलांचा पैसा नवा, आईचं कूळ जुनं, आणि अशा घरात पहिला मुलगा जन्मला तो हातांत व्यंग घेऊन.

डुकराने हात खाल्ले, ही गोष्ट खरी का?

नाही. त्याचे हात जन्मापासूनच तसे होते. एका हाताला बोटांऐवजी नख्यांसारखा आकार, तर दुसऱ्याची बोटं बदकाच्या पायासारखी पडद्याने जोडलेली, असं वर्णन सापडतं. डुकराची गोष्ट घरच्यांनी पसरवली. मूल डुकरांच्या खुराड्यात पडलं आणि जनावराने हात चावून नेले, असं सांगणं त्यांना सोपं वाटलं. अपघात कुणाच्याही घरी होऊ शकतो. व्यंग मात्र त्या काळी रक्ताचा दोष मानला जायचा, आणि ज्या घराला आपलं कूळ मिरवायचं होतं त्याला तो परवडणारा नव्हता.

या प्रश्नावर मी नेहमी थोडा जास्त थांबतो, कारण बाकीचं सगळं इथूनच सुरू होतं. पोटच्या मुलाबद्दल आईवडिलांनी खोटं सांगायचं, आणि त्या मुलाने तेच खोटं ऐकत त्याच घरात मोठं व्हायचं. पुढे आयुष्यभर त्याच्या मेजवान्यांत आणि विनोदांत डुक्कर पुन्हापुन्हा येत राहतं. त्याला निव्वळ विक्षिप्तपणा म्हणणं मला पटत नाही. घरच्यांनी त्याच्या गळ्यात बांधलेली गोष्ट तो चारचौघांत त्यांच्याच पदरात टाकत होता, असं मी समजतो.

मग तो लिहायचा कसा, जेवायचा कसा?

त्याच्यासाठी धातूचे कृत्रिम हात बनवून घेतले होते आणि त्यांवर तो पांढरे हातमोजे घालायचा. सरावाने तो लिहायला शिकला, चित्रं काढायला शिकला. टेबलावर सुरी चालवून मांस कापून वाढणं ही त्या काळी यजमानाची कला समजली जायची, आणि याच माणसाने १८०८ साली यजमानांसाठी एक अख्खं मार्गदर्शक पुस्तक लिहिलं. त्यात मांस कसं कापावं यालाच मोठी जागा दिली आहे, आकृत्यांसकट. मला तर त्याच्या कुठल्याही करामतीपेक्षा हे जास्त थक्क करतं.

तापलेल्या शेगडीवर आपला हातमोज्यातला हात निवांत टेकवून तो समोरच्यालाही तसं करायला सांगायचा, अशी एक आख्यायिका आहे. ती सांगोवांगीच आहे.

वडिलांमुळे त्याने न्यायाधीश व्हायला नकार दिला, हे खरं?

तो कायदा शिकला आणि वकील झाला, हे नक्की. वडिलांच्या पैशात न्यायाधीशाचं पद सहज विकत मिळालं असतं, कारण तेव्हा अशी पदं विकली जात. न्यायाधीश झालो तर एखाद दिवशी वडिलांनाच फाशी द्यायची पाळी येईल, वकील राहिलो तर निदान त्यांची बाजू तरी मांडता येईल, असं उत्तर त्याने दिल्याचं सांगतात. शब्द कदाचित नेमके तेच नसतील, पण गरिबांचे खटले तो चालवायचा आणि बापाच्या धंद्याचा त्याला तिटकारा होता, हे त्याच्या वागण्यातून दिसतं.

१७८३ ची ती 'अंत्ययात्रेची मेजवानी' नेमकी काय होती?

ही घडलेली गोष्ट आहे. त्या काळच्या बातमीपत्रांतही तिची सविस्तर नोंद आहे. तारीख १ फेब्रुवारी १७८३.

आधी निमंत्रणपत्रिका बघा, कारण अर्धी करामत तिच्यातच आहे. आकाराने भलीमोठी, काळ्या सजावटीची, हुबेहूब मृत्यूची सूचना असावी तशी. मजकूर मात्र जेवणाचा: साडेनऊला जमायचं, दहाला पान मांडलं जाईल. कुत्रा किंवा नोकर बरोबर आणू नये, वाढायला खास बायका ठेवल्या आहेत. आणि एक वाक्य असं, की तेल आणि डुक्कर यांत काही कमी पडणार नाही अशी व्यवस्था केली आहे.

दारावर पाहुण्याला विचारलं जायचं, की तुम्ही कुठल्या ला रेनियेरकडे आलात? लोकांना पिळणाऱ्याकडे, की विधवा आणि अनाथांची बाजू घेणाऱ्याकडे? अंधाऱ्या दालनांतून पुढे गेलं की मेणबत्त्यांनी उजळलेली जेवणाची खोली, आणि टेबलाच्या मधोमध शवपेटीचा सजवलेला चौथरा. त्याच जानेवारीत किनो नावाची जुनी, मानाची नटी वारली होती. तो चौथरा तिच्या स्मरणार्थ असल्याचं निमित्त होतं. जेवणारे वीस-एक, पण भोवतीने उभं राहून बघायला आणखी बरेच लोक बोलावलेले. एक पूर्ण फेरी फक्त डुकराच्या पदार्थांची झाली. यजमानाने विचारलं, कसं आहे? सगळ्यांनी वाखाणलं. तेव्हा त्याने जाहीर केलं, की हे डुक्कर माझ्या वडिलांच्या नात्यातल्याच एका माणसाच्या दुकानातून आलंय. तेलाच्या पदार्थांनंतर पुन्हा तेच.

म्हणजे ज्या घराला आपलं मूळ झाकायचं होतं, त्याचं मूळ त्याने ताटात वाढलं.

आणि वडिलांचे कपडे घालून खुर्चीत बसवलेलं डुक्कर?

आईवडील गावाहून परतले तर टेबलाच्या अग्रभागी उंची पोशाखातलं डुक्कर बसलेलं, अशी ही गोष्ट. ती फार प्रसिद्ध आहे आणि सांगणाऱ्यागणिक तिचे तपशील बदलतात. मी ती आख्यायिकेतच धरतो. पत्रिकेतलं डुक्कर छापील आहे, ते पुरेसं आहे.

त्याला मठात कोंडलं होतं म्हणतात, ते कशासाठी?

एका खटल्यात त्याने छापलेलं निवेदन बदनामीकारक ठरलं. १७८६ साली घरच्यांनी राजाचं बंद मोहरेचं पत्र मिळवलं. अशा पत्रावर विनाचौकशी माणसाला दूर धाडता यायचं. त्याची रवानगी लोरेन प्रांतात, नाँसीजवळच्या दोमेव्हर इथल्या मठात झाली. शिक्षा म्हणून पाठवलेल्या या जागी त्याचा फायदाच झाला, कारण मठाधिपतींचं पान उत्तम असायचं. एखादा पदार्थ का चांगला लागतो याचा विचार तो इथेच करायला लागला, असं त्याचे चरित्रकार मानतात. दोनेक वर्षांनी सुटल्यावर तो ल्योंला गेला आणि चक्क दुकानदार झाला. किराणा, मसाले, कापडचोपड. सरदारघराण्यातल्या मुलाने गल्ल्यावर बसणं ही आईच्या दृष्टीने नामुष्की होती, पण मालाची पारख, भाव, व्यापाऱ्याची जीभ आणि त्याच्या लबाड्या या सगळ्यांशी त्याचा तिथे जवळून संबंध आला. पुढच्या लेखनात हे पानोपानी दिसतं. अदेलाईद फ्यशेर ही नटी त्याला त्याच काळात भेटली. दोघं पुढे बरीच वर्षं एकत्र राहिली आणि १८१२ मध्ये त्यांनी लग्न केलं.

फ्रेंच राज्यक्रांतीत घराचं काय झालं?

वडील १७९३ च्या अखेरीस वारले, आईला कैद झाली आणि ती वाचली. इस्टेटीचा मोठा भाग गेला. १७९४ च्या सुमारास ग्रिमो पॅरिसला परतला तेव्हा हातात लेखणीशिवाय फारसं काही नव्हतं.

तो थेट खाण्यावरच लिहायला लागला का?

नाही, आधी नाटकावर. १७९७-९८ मध्ये त्याने नाट्यसमीक्षेचं नियतकालिक चालवलं आणि सरकारने ते बंद पाडलं. हा दुवा फार महत्त्वाचा आहे, आणि तो लोकांच्या लक्षात येत नाही याचं मला वाईट वाटतं. रेस्टॉरंट समीक्षा स्वयंपाकघरातून निघाली नाही, ती नाटकगृहातून आली. काल कोण चांगलं उतरलं, कोण ढिलं पडलं, पूर्वी कसं होतं, प्रेक्षकाने पैसे द्यावेत का, हे सगळे प्रश्न त्याने रंगमंचावरून उचलले आणि जेवणाच्या टेबलाला लावले.

'अल्मानाक दे गूर्मां' म्हणजे काय? त्यात असायचं तरी काय?

खवय्यांचं वार्षिक, असं म्हणता येईल. १८०३ ते १८१२ या काळात त्याचे आठ खंड निघाले. खिशात मावेल एवढं छोटं पुस्तक. पहिल्या खंडात वर्षाच्या बारा महिन्यांत काय खावं याचं पंचांग आहे, आणि त्यानंतर पॅरिसची खाद्यभ्रमंती: गल्लीगल्लीतून लेखक आपल्याला हिंडवतो आणि हा मिठाईवाला, हा मांसवाला, हे रेस्टॉरंट, हे चांगलं, ते पूर्वी चांगलं होतं असं सांगत जातो.

त्या खंडाचं मुखचित्र मिळालं तर जरूर बघा. ते एका खवय्याच्या ग्रंथालयाचं आहे. पुस्तकांच्या फडताळांत पुस्तकं नाहीत, तर सॉसेज, पाते (वाटलेल्या मांसाचा फ्रेंच पदार्थ), मुरलेलं मांस, बाटल्या असा सगळा ऐवज नीट रचून ठेवलाय. क्रांतीनंतर बड्या घरांची ग्रंथालयं मोडली, माणसं मेली, आणि नव्याने पैसा आलेल्या लोकांना काय वाचावं यापेक्षा काय खावं हे विचारायचं होतं. त्या लोकांसाठी हे पुस्तक होतं. लेखकाला ते कळलं होतं आणि चित्राने ते एका नजरेत सांगितलं.

त्याआधी कुणी रेस्टॉरंटबद्दल लिहिलंच नव्हतं?

पत्ते छापले जात. माथ्युराँ रोझ द शांत्वाझो या गृहस्थाने १७६९ मध्ये पॅरिसच्या व्यापाऱ्यांची सूची काढली होती आणि तिच्यात स्वतःच्या रेस्टॉरंटचीही नोंद केली होती. पण सूची म्हणजे समीक्षा नव्हे. नाव घेऊन, कारण देऊन, दरवर्षी पुन्हा तपासून मत देणं हे ग्रिमोने सुरू केलं.

इथे आणखी एक रचलेली कथा दूर करतो. बुलांजे नावाच्या माणसाने १७६५ मध्ये मेंढीचे पाय पांढऱ्या रश्श्यात विकले, आचाऱ्यांच्या संघाने खटला भरला, बुलांजे जिंकला आणि पहिलं रेस्टॉरंट जन्मलं, असं पुस्तकांमागून पुस्तकांत येतं. रेबेका स्पँग या इतिहासकार बाईंनी अभिलेखागारं धुंडाळली आणि या खटल्याचा मागमूस त्यांना सापडला नाही. त्यांच्या शोधानुसार सुरुवात १७६६ च्या सुमारास याच रोझने केली. 'रेस्टॉरंट' या शब्दाचा तेव्हाचा अर्थ होता अशक्त माणसाला ताकद आणणारं मांसाचं सूप. समीक्षकाचं चरित्र रचलेलं, तसा त्याच्या विषयाचा जन्मही रचलेलाच निघाला.

चव घेणारं ते 'पंचमंडळ' काय प्रकार होता?

'झ्युरी देग्युस्तातर', चव घेणारे पंच. मंगळवारी संध्याकाळी ग्रिमोच्या घरी बसायचे. दुकानदार, मिठाईवाले, आचारी आपापले पदार्थ नमुना म्हणून पाठवायचे. त्याला 'लेजितिमास्याँ' म्हणत, म्हणजे नावलौकिकावर कायद्याची मोहर उमटवून घेण्यासारखं. अध्यक्ष होते डॉक्टर गास्ताल्दी, चिटणीस स्वतः ग्रिमो. डझनभर माणसं, क्वचित नट्याही. बैठक चांगली पाचेक तास चालायची.

पद्धत जवळून बघण्यासारखी आहे. त्या काळी फ्रेंच पंगतीत सगळे पदार्थ एकदम टेबलावर मांडायची रीत होती. त्यात अर्ध्या गोष्टी निवून जायच्या आणि माणूस समोर जे येईल तेच खायचा. या बैठकीत पदार्थ एकेक करून यायचा. तो गरम असताना खायचा, त्याच्यावरच बोलायचं, मत नोंदवायचं, मगच पुढचा. निकाल लिहून ठेवला जाई आणि पदार्थ पाठवणाऱ्याला कळवला जाई. आज चव तपासणाऱ्या कुठल्याही मंडळाचं काम बघा, सांगाडा हाच आहे.

म्हणजे फुकटचं खाऊन शिफारस? ही लाचच नव्हे का?

हा आरोप त्याच्या हयातीतच झाला आणि तो पूर्णपणे खोटा होता असं मी म्हणणार नाही. नमुना न पाठवणाऱ्याचं नाव पुस्तकात कसं येणार? दुखावलेले व्यापारी चिडले, पक्षपाताची कुजबुज वाढली, खटल्यांच्या धमक्या आल्या, आणि १८१२ नंतर पुस्तकही थांबलं आणि मंडळही. मला ग्रिमो कितीही प्रिय असला तरी इथे त्याची चूक होती. ज्याला जोखायचं त्याच्याकडूनच ताट भरून घेऊ नये. हा नियम पुढच्यांनी घालून घेतला तो या अनुभवाच्या बऱ्याच नंतर.

ओळख लपवून जेवायची पद्धत मग कधी आली?

ग्रिमोने कधीच लपवली नाही. हातमोजे घातलेला हा माणूस साऱ्या पॅरिसला माहीत होता. गुपचूप जाऊन, आपल्या वृत्तपत्राच्या पैशाने, एकाहून अधिक वेळा जेवून मगच लिहायचं ही शिस्त न्यूयॉर्क टाइम्समध्ये क्रेग क्लेबोर्न यांनी रुजवली. ते १९५७ मध्ये तिथे खाद्यसंपादक झाले.

रचलेल्या चरित्राचा विषय निघालाच आहे, तर रूथ राइकल यांचं उदाहरण द्यायलाच हवं. त्या १९९३ मध्ये त्याच वृत्तपत्राच्या समीक्षक झाल्या आणि वेषांतर करून जाऊ लागल्या. विग तर होतेच, पण प्रत्येक वेषामागे त्यांनी एक आयुष्य रचलं. मॉली हॉलिस ही त्यातली पहिली, मिशिगनमधली निवृत्त शिक्षिका. 'ल सर्क' या नामांकित रेस्टॉरंटमध्ये मॉलीला आलेला अनुभव आणि ओळख पटल्यावर राइकल यांना आलेला अनुभव त्यांनी शेजारीशेजारी छापले आणि वृत्तपत्राने त्या रेस्टॉरंटला दिलेले दर्जाचे चार तारे तीनवर आणले. ग्रिमोच्या घरच्यांनी खोटं आयुष्य रचलं ते झाकण्यासाठी. राइकल यांनी रचलं ते सामान्य गिऱ्हाइकाला काय वागणूक मिळते हे उघड करण्यासाठी.

त्याने स्वतःच्या मृत्यूची पत्रिका वाटली होती का?

१८१२ च्या सुमाराची ही कथा. ग्रिमो गेल्याची सूचना मित्रमंडळींकडे पोहोचली. जे थोडे आले ते शवपेटीपाशी उभे राहिले. मग दार उघडलं, तर आत पान मांडलेलं आणि मृत माणूस यजमानाच्या खुर्चीत. खरे मित्र किती ते त्याला मोजायचं होतं. चरित्रांमधून ही कथा सर्रास येते, तरी तिचा तपशील १७८३ च्या मेजवानीइतका भक्कम नाही. पण त्या मेजवानीची आठवण ज्यांना होती त्यांना हे अशक्य वाटलं नसणार, एवढं खरं.

त्याच्यापेक्षा ब्रिया-सावाराँ जास्त प्रसिद्ध कसे?

ब्रिया-सावाराँ या फ्रेंच लेखकाचं चवीवरचं पुस्तक १८२५ च्या डिसेंबरात आलं आणि ते कुठल्याही काळात वाचता येतं, कारण ते चवीबद्दल सर्वसाधारण बोलतं. ग्रिमो बोलतो तो अमक्या गल्लीतल्या तमक्या दुकानाबद्दल. दुकानं गेली की असं लेखन शिळं होतं. समीक्षकाच्या लेखनाचं हे होणारच.

तो राहायचा ते घर आज आहे का?

शाँझेलिझेच्या तोंडाशी, आताच्या प्लास द ला काँकोर्दपाशी ते होतं. विसाव्या शतकात पाडलं गेलं. आता तिथे अमेरिकेचा दूतावास आहे.

शेवट कसा झाला?

पॅरिस सोडून तो व्हिलिए-सुर-ओर्ज इथल्या वाड्यात राहायला गेला. सतराव्या शतकात विषप्रयोगांसाठी गाजलेल्या आणि १६७६ मध्ये मृत्युदंड झालेल्या मार्कीज द ब्रँव्हिलिएशी या वाड्याचं नाव जोडलं जातं. अदेलाईद बरोबर होती. पॅरिसमधल्या नव्या पिढीला तो जिवंत आहे हेही हळूहळू माहीत नसेनासं झालं. १८३७ च्या नाताळात, २५ डिसेंबरला, तो तिथेच गेला. नाताळच्या मध्यरात्रीच्या जेवणात त्याने प्राण सोडला असं बरेच जण लिहितात. मृत्यूची तारीख पक्की आहे. जेवणाचा भाग नंतर कुणीतरी जोडला असावा.